एक रांजण, दीड टन

आमची ही रांजण करते. साधे नव्हेत. मी टोपी घालून शेजारी उभा राहिलो तरी रांजणाचा काठ टोपीच्या वर चार बोटं राहतो. भट्टीतून निघालेला रांजण पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चपला बाहेर काढून आत गेलो होतो. मेहुण्याने एकदा त्यात डोकं घालून शिंक दिली. ती शिंक आतल्या आत पावणेचार मिनिटं फिरत राहिली आणि बाहेर आली तोवर त्याची सर्दी बरी झाली होती. मी मोजून सांगतो त्यावर विश्वास ठेवावा. बाकीचं नुसतं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

डोंगरावरच्या नव्या वाचनालयाच्या चौकात असा एक रांजण ठेवायचं ठरलं होतं. पहिला रांजण आमच्या पिकअपमधून निघाला. गाडी मी चालवत होतो. सातव्या वळणावर मागून असा आवाज आला की तो लिहून दाखवता येणार नाही. हिने खाली उतरून खापऱ्या गोळा केल्या आणि घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघितलं. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. न बोलणाऱ्या बायकोशी भांडायला वकीलसुद्धा मिळत नाही.

त्यानंतर पाच महिन्यांनी दुसरा रांजण झाला. मधल्या काळात दोन भट्टीतच तडकले. हा मात्र असा उतरला की हिने बोटाच्या पेराने वाजवला आणि आम्ही दोघं आवाज संपायची वाट बघत उभे राहिलो. आवाज संपेना. शेवटी जेवायला बसलो.

"अहो, ऐका," जेवताना ही म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी वाचनालय उघडतंय. तिसरा रांजण करायला आता वेळ नाही आणि माझ्या मनगटात जोरही नाही. मी ट्रकवाल्याशी बोलते आहे."

"आपली गाडी असताना?"

"गाडीबद्दल मी काही बोलले का?"

बावीस वर्षं गाडी चालवतोय. एकदा फक्त दुधाच्या गाडीला घासली, तीही उभी होती म्हणून.

"मला आठ दिवस दे," मी म्हणालो. "गाडी अशी करतो की मागे झोपलेलं बाळ कूससुद्धा बदलणार नाही."

"बाळ न्या खुशाल. बाळ पडलं तर रडतं, फुटत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "मंगळवारी एक साधा माठ मागे ठेवीन. खदानीच्या रस्त्याने फिरवून आणा. शाबूत आला तर तुम्ही न्यायचं. नाही आला तर किल्ली माझ्या हातात द्यायची."

गाडी सुधारायची आहे ही बातमी आमच्या इमारतीत मी कोणाला सांगितली नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअपभोवती पाच जण उभे होते. विमेवाले वाकून खाली बघत होते. विमेवाल्यांना कुठलीही वस्तू दिसली की ती कशी मोडेल हे आधी दिसतं.

"टायर मोठे घ्या," ते म्हणाले. "चाक मोठं झालं की खड्डा लहान होतो. साधं गणित आहे."

"आणि पाटे जाड घ्या," भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर म्हणाले. मागच्या चाकांवर कमानीसारख्या लोखंडी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, ते पाटे. "मला सांगा, गादी जाड असली की मऊ लागते की पातळ असली की?"

"जाड," आम्ही सगळे म्हणालो.

"झालं तर मग!"

बेकरीवाल्याने मात्र सल्ला दिला नाही. तो आमच्या इमारतीतला सर्वांत भारदस्त माणूस. तो लिफ्टमध्ये शिरला की आतले लोक आपण होऊन जिन्याने जातात. तो नुसता म्हणाला, "बघा बुवा."

तर मोठे टायर आणि जाड पाटे. त्यात चूक कुठे आहे ते मला त्या दिवशी दिसलं नाही. माझी खरी चूक अजून व्हायची होती. ती दुकानात झाली.

सुट्या भागांचं ते दुकान म्हणजे लोखंडाचं देऊळ होतं. छतापर्यंत टायर, भिंतीवर पाटे, आणि काउंटरमागे मान खाली घालून बसलेला मालक. माझ्या पुढे रांगेत दोघं होते. पहिला म्हणाला, "सळई. बावीस क्विंटल." मालकाने मान वर न करता चिठ्ठी फाडली. दुसरा म्हणाला, "फरशी. रोज दोन फेऱ्या." चिठ्ठी फाडली. मग माझा नंबर आला.

"माल?"

आता तुम्हीच सांगा. मागे सिमेंटवाला उभा, बाजूला सळईवाला अजून रेंगाळतोय, आणि मी काय सांगायचं? वर्षातून एकदा बायकोचा एक रांजण? माझ्या जिभेने माझी परवानगी न घेता उत्तर दिलं.

"दीड टन."

"रोज?"

"रोज."

"रस्ता?"

"रस्ता असा नाहीच."

मालकाने मान वर केली. सळईवाला वळला. सिमेंटवाल्याने मला वाट करून दिली. मी आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या दुकानात माणसासारखा उभा राहिलो. "मग साहेब, कंपनीचं सामान विसरा," मालक म्हणाला आणि त्याने स्वतः उठून एकेक वस्तू काउंटरवर आणली. अकरा पट्ट्यांचे पाटे, दणके गिळणारे, पैलवानाच्या दंडाएवढे शॉकअप, आणि दहा प्लायचे, म्हणजे दहा पदरी, चार टायर. टायरवरच्या खाचा एवढ्या खोल की एका खाचेत मी सहज बोट घातलं आणि ते काढायला सिमेंटवाल्याला ओढावं लागलं.

"यावर हत्ती उभा करा," मालक म्हणाला. मी गंभीरपणे मान हलवली. जणू हत्ती बाहेरच बांधला होता.

तिथून गॅरेज. आमच्या मिस्त्रींना सगळे 'कान' म्हणतात. लांब पेचकस इंजिनाला टेकवून त्याची मूठ ते कानाला लावतात, डोळे मिटतात आणि गाडीने मागच्या आठवड्यात काय भोगलं ते सांगतात. एकदा त्यांनी असंच ऐकून सांगितलं होतं, "साहेब, गाडी ठीक आहे, तुमचं गिअर बदलणं ठीक नाही."

सामान बघून ते उकिडवे बसले. "एवढं सगळं? नेता काय असं?"

"दीड टन," मी म्हणालो. खोटंही पाट्यांसारखंच असतं. एकावर दुसरं चढवल्याशिवाय उभं राहत नाही.

"मग ठीक. हवाही तेवढीच ठासून भरतो."

दोन दिवसांनी गाडी जॅकवरून खाली उतरली. मला मान वर करून बघावं लागलं. मी बारा वर्षं जिच्या टपावर कोपर टेकवून गप्पा मारल्या ती हीच गाडी, हे सांगूनही पटलं नसतं. आत चढायला मिस्त्रींनी स्टूल दिलं. सीटवर बसलो आणि समोरचं जग खाली गेलं. बसच्या टपावर कोणी तरी विसरलेली छत्री दिसली. चौकातल्या घड्याळाच्या काट्यावर बसलेली धूळ दिसली. आमच्या इमारतीपाशी पोचलो तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी माझ्याशी सरळ नजरेला नजर भिडवून "आलात का?" असं विचारलं. मी काच खाली करून "आलो" म्हणालो. त्या गाडीत बसलेला माणूस खोटं बोललेला असणं शक्यच नाही, असं त्या वेळी माझं मलाही वाटलं.

मंगळवारी हिने माठ मागे ठेवला. खाली गवत, बाजूला गोणपाट.

खदानीच्या रस्त्याची गोष्ट मी थोडक्यात सांगतो, कारण मला ती थोडक्यातच आठवते. पहिल्या खड्ड्यात माझा चष्मा नाकावरून उडाला, दुसऱ्यात पुन्हा नाकावर येऊन बसला. तिसऱ्यात रेडिओ आपोआप लागला. तो वर्षभर बंद होता. गाडी धावत नव्हती, उड्या मारत होती. रस्त्यावर पडलेली काडेपेटीतली एक काडी चाकाखाली आली तरी ती उभी होती की आडवी हे मला बसल्या जागी कळत होतं. आरशात बघितलं तर माठ गाडीच्या मागच्या हौद्यात नव्हता. हौद्याच्या वर होता. तो तिथे बराच वेळ होता. त्या वेळी तो शाबूत होता, हे मी कोणासमोरही सांगायला तयार आहे.

घरी आलो. हिने हौद्यात डोकावून बघितलं आणि तळहात पुढे केला. मी किल्ली ठेवली.

संध्याकाळी ट्रकवाल्याचा फोन आला. "ताई, फुटणारा माल आम्ही घाटात नेत नाही." दुसऱ्याने तेच सांगितलं. तिसऱ्याने रांजणाची उंची ऐकून फोनच ठेवला. ही इमारतीमागच्या अंगणात रांजणापाशी जाऊन बसली. त्याला टेकून नाही, नुसती शेजारी. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशी.

"तुम्ही एवढा खर्च करून गाडी आणखी कडक कशी केलीत हो?" तिने विचारलं. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्यात खरंखुरं कुतूहल होतं.

"काय की," मी म्हणालो. आणि हे माझं त्या आठवड्यातलं तिसरं खोटं.

दरम्यान मिस्त्रींनी बजावलं होतं की वाढलेली उंची वाहन-नोंदणी कार्यालयात नोंदवून घ्या, नाहीतर घाटाच्या नाक्यावर अडवतील. तशी बुधवारची तारीख घेतलेली होतीच. रांजण जाणार कसा हे माहीत नव्हतं, पण तारीख वाया घालवणं आमच्या घराण्यात नाही. किल्ली हिच्याकडे, म्हणून हीसुद्धा आली. इमारतीतली मंडळी बसने आली. त्यांना सल्ला द्यायचा होता, पण माझ्या गाडीत बसून येण्याची छाती कोणाची नव्हती.

तपासणी अधिकारी बारीक अंगाचे आणि अतिशय प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणजे काम अवघड होतं. त्यांनी टेप लावली. "चौदा सेंटीमीटर जास्त. पाचपर्यंत चालतं."

"चाकातली हवा काढू का?" विमेवाले म्हणाले.

"जमीन खणता येईल," मास्तर म्हणाले.

मी फॉर्म वाचत होतो. त्यात एका कोपऱ्यात छापलं होतं: 'उंची: भारित / अभारित (नको ते खोडा).' बारा वर्षांपूर्वी कोणीही काहीही खोडलेलं नव्हतं.

"साहेब," मी म्हणालो, "मूळ नोंद भरलेल्या गाडीची आहे की रिकाम्या, हे कशावरून?"

अधिकाऱ्यांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्या कंसाकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. "खोडलेलं नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "म्हणजे दोन्ही चालतं." आणि त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी भक्तीच म्हणेन.

"चढा रे!" मी ओरडलो.

विमेवाले चढले, मास्तर चढले, रांगेतले रिक्षावाले चढले, टायपिस्टबाई पर्स सांभाळत चढल्या. अधिकारी टेप धरून खालून सांगत होते, "बारा! अकरा! साडेदहा!" शिपायाने जुन्या फायलींचे गठ्ठे आणून टाकले. त्यातल्या काही फायलींचे अर्जदार हौद्यातच बसलेले होते. त्यांनी त्या तिथल्या तिथे ओळखल्या. "आठ!" शेवटी बेकरीवाला स्टुलावर पाय ठेवून वर गेला. पाटे कुरकुरले, गाडीने मोठ्ठा उसासा टाकला आणि ती हत्तीण बसावी तशी बसली.

"सहा!" अधिकारी म्हणाले. "फक्त एक सेंटीमीटर!" आणि कुतूहल अनावर होऊन ते स्वतःच वर चढले. मग खाली मोजायला कोणीच उरलं नाही. मी टेप उचलली, तर वरून म्हणाले, "अर्जदाराने मोजायचं नाही, नियम आहे." ते खाली उतरले की गाडी वर यायची, ते वर गेले की नियम आड यायचा. चार वेळा चढले-उतरले. शेवटी हौद्याच्या कडेवरून पोटावर पालथे पडून, टेप खाली सोडून, त्यांनी आकडा वाचला. पाच. पूर्ण पाच. हौद्यात टाळ्या वाजल्या.

"आता फाटकापर्यंत चालवून दाखवा," ते वरूनच म्हणाले. "चालत्या गाडीची तपासणी बाकी आहे."

हिने किल्ली दिली आणि शेजारी येऊन बसली. कार्यालयाच्या आवारात खड्ड्यांची कमतरता नसते. मी पहिला खड्डा दिसताच डोळे मिटले. काही झालं नाही. डोळे उघडले तर खड्डा मागे गेलेला. दुसऱ्यावरून गाडी नाव जावी तशी गेली. टायपिस्टबाईंच्या हातात चहाचा कप होता. त्या घोट घेत होत्या.

फाटकापाशी ही म्हणाली, "थांबवा."

मी थांबवली.

"रिकामी उड्या मारते, भरली की तरंगते." ती हळूच वळली. "दुकानात माल किती सांगितलात?"

बाहेर बघितलं. वर बघितलं. मला कुठेच मदत दिसली नाही.

"दीड टन," मी म्हणालो.

"का?"

"मागे सिमेंटवाला उभा होता."

तिने पुढे काही विचारलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर तिला ते कारण पुरलं. मी शब्दांची वाट बघत होतो. पण ती बोटांवर काही मोजत होती.

"सांगितलंत ना दीड टन?" ती म्हणाली. "मग दीड टन भरा."

"कशाने? ही माणसं काही डोंगरावर..."

"माझ्याकडे काय सोन्याच्या विटा आहेत? माती आहे की! अंगणात भिजवलेली, पोत्यांत भरलेली. पन्नास पोती."

शुक्रवारी पहाटेपासून सगळी इमारत पोती वाहत होती. मास्तर वजन लिहीत होते, विमेवाले काय काय पडू शकेल ते सांगत होते, बेकरीवाला दोन्ही काखांत एकेक पोतं घेऊन येत होता. ओल्या मातीचं पोतं म्हणजे वजन तर खरंच, पण लोण्यासारखं मऊ. हौदाभर पोत्यांचा थर झाला. मधे खोलगट जागा करून हिने रांजण त्यात निजवला आणि चारी बाजूंनी पोती दाबून बसवली. मिस्त्री मुद्दाम आले. त्यांनी पेचकस पाट्याला टेकवून कान लावला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "आता खरं बोलतेय."

मी गाडी सुरू केली. किल्ली कोणी कोणाकडे मागितली नाही.

घाट मी शेकडो वेळा चढलो असेन, पण त्या दिवशी मला घाट पहिल्यांदा दिसला. गाडी दगडांवरून जात होती आणि दगड कळत नव्हते. मोठ्या टायरच्या खाचा खडी धरत होत्या, जाड पाटे आपल्या हक्काचं ओझं घेऊन सावकाश वरखाली होत होते. सातवं वळण आलं. हिने डोळे मिटले. मी गिअर उतरवला. चाक खड्ड्यात गेलं, संपूर्ण गेलं, आणि इतक्या अदबीने वर आलं की मागे एक सूरसुद्धा निघाला नाही. गाडी थांबवून उतरावं आणि त्या चाकाला नमस्कार करावा असं वाटलं. चढावर हँडब्रेकचा भरवसा नाही म्हणून केला नाही.

वर चौकात आठ जणांनी रांजण उतरवला. ग्रंथपालबाई, मजूर, पायऱ्यांवर बसलेले वाचक, सगळे गोल करून उभे होते. हिने भोवती फेरी मारली, काठावरून तळहात फिरवला, पालथी पडून तळ बघितला. मग बोटाचं पेर उचललं आणि वाजवलं.

तो सूर मी किती वेळ टिकला ते मोजलं नाही. मोजण्यासारखा नव्हता. खिडकीत बसलेली कबुतरं उडाली नाहीत, एवढंच सांगतो. त्यांनी माना वळवल्या. शेवटी कोणी तरी श्वास सोडला आणि मग सगळ्यांनीच सोडला.

ग्रंथपालबाईंनी हौद्यात बघितलं. "ही माती पण द्यायची आहे का? इथल्या मुलांना हाताने काही करायला शिकवावं म्हणत होते मी."

मूठभर माती सांडली तर झाडून परत पोत्यात भरणारी आमची ही. मी तिच्याकडे बघितलं. "घ्या," ती म्हणाली. "सगळी घ्या."

पन्नास पोती उतरली. पोतं उतरेल तशी गाडी वर येत होती. शेवटचं उतरलं तेव्हा ती पुन्हा आपल्या पूर्ण उंचीवर उभी होती आणि चढायला स्टूल आम्ही घरी विसरलो होतो. मजुरांनी आम्हा दोघांना उचलून आत बसवलं.

उताराला लागलो आणि पहिल्याच दगडावर दोघंही सीटवरून वीतभर उडालो. दुसऱ्यावर हिची पिशवी माझ्या मांडीवर आली. तिसऱ्यावर मी घाबरून हिच्याकडे बघितलं. ती एका हाताने छत आणि दुसऱ्याने दार धरून हसत होती. पाच महिन्यांचं साचलेलं हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि प्रत्येक दणक्याला ते हसू तुटून पुन्हा वरच्या पट्टीत सुरू होत होतं.

"हळू चालवू का गं?" मी विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली. "आता फुटण्यासारखं मागे आहे काय?"

घाटात एकशे चौदा खड्डे आहेत. मी एकही सोडला नाही.